गर्भाशयाच्या वेदनेच्या दोन वाटा

तांबी बसवणे, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणीसाठी काढणे अशा छोट्या प्रक्रियांपूर्वी स्त्रीशी वेदनेविषयी मोकळेपणाने बोलावे आणि तिला जागेवरच्या भुलीचा पर्याय द्यावा, असे अमेरिकेतील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मे २०२५ मध्ये डॉक्टरांना सांगितले. हे सांगावे लागले, कारण गर्भाशयाच्या तोंडाला जाणीवच नसते हा समज अजून पुरता गेलेला नाही. तेथे हलका स्पर्श फारसा कळत नाही हे खरे. पण तेच तोंड चिमट्याने पकडून ओढले किंवा सळईने रुंद केले, की कळ जाते, कारण आतड्यांप्रमाणेच हा अवयवही ताणाला संवेदनशील असतो.

ही वेदना मज्जारज्जूकडे दोन वेगळ्या वाटांनी जाते. गर्भाशयाच्या तोंडाचे तंतू त्रिकास्थीतील, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडातील, दुसऱ्या ते चौथ्या चेतांमधून (मज्जातंतूंमधून) वर जातात. गर्भाशयाच्या माथ्याचे तंतू मात्र बरेच वर, छातीच्या भागातील दहाव्या चेतेपासून कमरेच्या पहिल्या चेतेपर्यंतच्या पट्ट्यात शिरतात. बेंबीपासून जांघेपर्यंतच्या त्वचेचे संदेशही याच पट्ट्यात पोहोचत असल्यामुळे मेंदूला उगम नेमका कळत नाही, आणि दुखते गर्भाशय तरी कळ ओटीपोटात व कमरेत जाणवते.

जागेवरची भूल देताना गर्भाशयाचे तोंड म्हणजे घड्याळाची तबकडी मानून साधारणपणे चार आणि आठच्या ठिकाणी, कडेला लिडोकेन टोचतात. एक टक्का द्रावणाचे २० मिलिलिटर म्हणजे २०० मिलिग्रॅम औषध. लिडोकेनचा विद्युतभाररहित रेणू चेतातंतूच्या पटलातून आत शिरतो, आत गेल्यावर प्रोटॉन घेऊन भारित होतो आणि सोडियमची वाट आतल्या बाजूने अडवतो. सोडियम आत येऊ शकला नाही, तर वेदनेचा संदेश पुढे सरकतच नाही. जंतुसंसर्गाने आम्ल झालेल्या ऊतीत भाररहित रेणू कमी उरतात, म्हणून तेथे भूल नीट चढत नाही. माथ्याकडचे तंतू या इंजेक्शनातून बव्हंशी सुटतात, त्यामुळे तांबी वर टेकताना कळ येऊ शकते. ‘पूर्ण वेदनारहित’ अशी जाहिरात म्हणूनच फसवी आहे. आणि ‘बाईच्या जातीला सोसावेच लागते’ हे सांगणे तर शरीररचनेचे अज्ञान आहे.

नंतरच्या मुरड्यांचे कारण निराळे असते. अस्तरातून सुटणारी प्रोस्टाग्लॅंडिने ही रसायने गर्भाशयाचे स्नायू आवळतात. आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन ही वेदनाशामक औषधे त्यांची नवी निर्मिती थांबवतात, आधी तयार झालेली नष्ट करत नाहीत. म्हणून गोळी कळा सुरू होण्याची वाट न पाहता आधीच घेणे शहाणपणाचे. ऐन तांबी बसवतानाची कळ आयब्युप्रोफेनने फारशी कमी होत नाही, नंतरच्या मुरड्यांना मात्र अशा गोळ्या उतार देतात. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा या औषधांनी बळावणारा दमा असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवीही आराम देते. मुरडे हळूहळू ओसरायला हवेत. कळ वाढत गेली, ताप आला किंवा दुर्गंधीयुक्त स्राव सुरू झाला, तर गोळ्या वाढवत न बसता त्याच दिवशी तपासून घ्यावे.