नसबंदीआधी सशाला रात्रभर उपाशी ठेवू नका

‘ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून सशाला काही खायला देऊ नका’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो आलाय कुत्र्या-मांजरांवरून, आणि त्यांच्यासाठी उपाशी ठेवण्याला कारणही आहे: भूल दिल्यावर उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते. पण सशाला उलटी करताच येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की खाल्लेलं वर येत नाही.

उलट त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. पोट रिकामं राहिलं की ते मंदावतं, वायू धरतो, आणि हे जिवावर बेतू शकतं. म्हणून दवाखान्यात जायला निघेपर्यंत सुकं गवत आणि पाणी समोर असू द्या. तोंडात घास राहू नये म्हणून डॉक्टर शेवटचा तास-दोन तास खाणं थांबवतील, तेवढं पुरे.

डॉक्टरांना सशांचा अनुभव आहे का, हे पडताळायचंय? त्यांना विचारा, ‘किती तास उपाशी ठेवायचं?’ ‘रात्रभर’ म्हणाले तर सशांचा अनुभव असलेला डॉक्टर शोधा.

घरी आणल्यावर लेंड्या बघा. गोल, टपोऱ्या पडत असतील तर आतडं चालू आहे. सुरुवातीला थोड्या आणि बारीक पडतील. कोथिंबिरीची काडी नाकाशी धरा. बरेच ससे आधी तीच कुरतडतात. १२ तासांत काहीच खाल्लं नाही, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.