चित्रपट-तबकडी

चित्रपट-तबकडी : चित्रपटाचे दृश्य व ध्वनी सूक्ष्म खाचांच्या रूपाने उमटवलेली आणि लेसर किरणाने वाचली जाणारी चकती. घरी चित्रपटांचा संग्रह करण्याचे हे साधन विसाव्या शतकाच्या अखेरीस घरोघर पोचले आणि स्ट्रीमिंगमुळे, म्हणजे इंटरनेटवरून हवा तेव्हा चित्रपट पाहण्याच्या सोयीमुळे, पुढच्या पंधरा-वीस वर्षांत मागे पडले.

संज्ञा : ‘तबकडी’ हा शब्द मराठीत ग्रामोफोनच्या रेकॉर्डसाठी रुळला, ‘ध्वनिमुद्रिका’ हा त्याचा ग्रांथिक पर्याय. संगणकाच्या परिभाषेत ‘चकती’ वापरतात. बोलण्यात मात्र सीडी व डीव्हीडी एवढेच शब्द चालतात, आणि व्हिडिओ टेप गेल्यावरही बरीच वर्षे ‘सीडीची कॅसेट’ असा प्रयोग ऐकू येई. डीव्हीडी या आद्याक्षरांच्या विस्ताराबद्दल एकवाक्यता नाही. ‘डिजिटल व्हिडिओ डिस्क’ हा विस्तार आधीचा. चित्रपटाखेरीज इतर माहितीही साठवता येते म्हणून ‘डिजिटल व्हर्सटाइल डिस्क’ असा दुसरा सुचवला गेला. ही आद्याक्षरे कशाचीच नाहीत, असेही एक मत आहे. पहिला विस्तार काळाने जुना व वापराला जवळचा असल्याने तोच धरणे सोयीचे.

उगम : चित्र तबकडीवर नोंदवण्याचा पहिला प्रयत्न बहुधा स्कॉटिश संशोधक जॉन लोगी बेअर्ड यांचा. १९२७-२८ च्या सुमारास त्यांनी ग्रामोफोनच्या तबकडीवर ३० रेषांचे चित्र नोंदवले. ते समाधानकारकपणे परत पाहणे त्यांना साधले नाही आणि संगणकाच्या मदतीने ती चित्रे १९८० नंतर प्रथम नीट दिसली. प्रकाशाने वाचायच्या तबकडीचे जनकत्व वादग्रस्त आहे. अमेरिकन संशोधक डेव्हिड पॉल ग्रेग यांना ही कल्पना १९५८ मध्ये सुचली असे सांगतात; दुसरे अमेरिकन संशोधक जेम्स रसेल यांचे पेटंट त्यानंतरचे, पण अंकीय (डिजिटल) नोंदणीचे श्रेय त्यांना देणारे अभ्यासक आहेत. दोघांच्याही मूळ रचनेत प्रकाश पारदर्शक माध्यमातून आरपार जात असे. फिलिप्स या डच कंपनीच्या प्रयोगशाळेतील मंडळींनी तबकडीला धातूचा मुलामा देऊन प्रकाश परावर्तित करण्याची रीत निवडली. सीडीपासून ब्लू-रेपर्यंत सर्व तबकड्या परावर्तक आहेत, हे लक्षात घेता आजच्या तबकडीचा थेट वंश फिलिप्सकडे नेणे अधिक ग्राह्य वाटते. ग्रेग यांची पेटंटे पुढे एमसीए या अमेरिकन कंपनीकडे गेली आणि एमसीए व फिलिप्स यांची लेसरडिस्क डिसेंबर १९७८ मध्ये अटलांटा येथे विक्रीस आली. ३० सेंमी. व्यासाच्या या तबकडीवरील चित्र अंकीय नव्हते, हे पुष्कळदा विसरले जाते. भारतातील घरांत ती जवळजवळ पोचलीच नाही.

व्हीसीडी : भारतीय घरांपुरते पाहिले तर खरा प्रारंभ व्हिडिओ सीडीपासून होतो. तिचे मानक फिलिप्स, सोनी, मात्सुशिता व जेव्हीसी या कंपन्यांनी १९९३ मध्ये ठरवले. १२ सेंमी. व्यासाच्या साध्या सीडीवर एमपीईजी-१ पद्धतीने आक्रसलेले ३५२ × २८८ बिंदूंचे चित्र, सेकंदाला २५ चौकटी, असे तिचे स्वरूप होते. दृश्यासाठी सेकंदाला ११.५ लाख बिट एवढाच वाव असल्याने पाऊस, गर्दी किंवा वेगवान नृत्य आले की चित्राचे चौकोनी ठोकळे होत. एका तबकडीवर ७४ मिनिटे मावत. अडीच तासांचा हिंदी चित्रपट म्हणजे १५० मिनिटे. दोन तबकड्यांत १४८ मिनिटेच बसत. त्यामुळे एक तर ८० मिनिटांच्या तबकड्या वापराव्या लागत, नाही तर तिसरी घालावी लागे, किंवा एखादे गाणे गाळले जाई. पहिली तबकडी चित्रपटगृहातील मध्यंतराशी संपावी असा प्रयत्न असे. तो साधला नाही की संवाद अर्ध्यावर तुटे आणि घरातले कोणी तरी उठून दुसरी तबकडी लावी.

भारतात व्हीसीडी नेमकी केव्हा रुळली याबद्दल निरनिराळी वर्षे सांगितली जातात. १९९० च्या दशकाचा उत्तरार्ध म्हणणे सुरक्षित. स्वस्त चिनी प्लेअर हे प्रसाराचे कारण सर्वमान्य आहे. दमट हवेत व्हिडिओ टेपला बुरशी लागते म्हणून तबकडी स्वीकारली गेली, हे दुसरे कारण कोकण व गोव्यापुरते पटते. मात्र कोरड्या मराठवाड्यातही ती तितक्याच झपाट्याने पसरली, तेव्हा किंमत हेच कारण प्रबळ मानावे. स्थानिक केबलचालकांनी रात्रीचा चित्रपट टेपऐवजी तबकडीवरून दाखवणे सुरू केल्यानेही ती घरोघर परिचित झाली. मराठीत चित्रपटांच्या बरोबरीने नाटकांच्या चित्रित प्रयोगांच्या व्हीसीडी विकल्या जात आणि त्या परदेशातील नातेवाइकांच्या सामानात हमखास असत. अमेरिकेत मात्र ‘पाल’ या भारतातील दूरचित्रवाणी पद्धतीचे चित्र तेथील ‘एनटीएससी’ दूरचित्रवाणी संचावर कृष्णधवल किंवा वरखाली फिरणारे दिसे. संगणकावर ती अडचण नसे.

डीव्हीडी व ब्लू-रे : डीव्हीडी नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात व मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत आली. तिचे पाल चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे, म्हणजे व्हीसीडीच्या चौपटीहून किंचित अधिक. तिच्यासोबत जगाची विभागणीही आली, म्हणजे एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालत नसे : अमेरिका पहिल्या विभागात, युरोप व जपान दुसऱ्या, भारत पाचव्या. अनेक हिंदी चित्रपटांच्या डीव्हीडी परदेशस्थ ग्राहक नजरेसमोर ठेवून सर्व विभागांत चालतील अशाच काढल्या जात. ब्लू-रे ही अधिक सुस्पष्ट चित्राची तबकडी २००६ ची. तिने तोशिबा कंपनीच्या एचडी-डीव्हीडी या प्रतिस्पर्धी तबकडीशी केलेली स्पर्धा फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाच्या माघारीने संपली.

सीडी, डीव्हीडी व ब्लू-रे यांचा व्यास एकच. फरक आहे तो लेसरच्या तरंगलांबीचा. सीडीला ७८०, डीव्हीडीला ६५० व ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटर. तरंगलांबी घटली तशी खाचांच्या ओळींमधील अंतर १.६ वरून ०.७४ व पुढे ०.३२ मायक्रोमीटरवर आले. सीडीतील धातूचा थर छापील बाजूला, वार्निशाच्या पातळ लेपाखाली असतो. म्हणजे लोक जपतात ती चकचकीत बाजू नव्हे, तर नावाची बाजू अधिक नाजूक. खालच्या बाजूचे ओरखडे १.२ मिमी. जाडीच्या प्लॅस्टिकवर असतात आणि टूथपेस्टने घासून ते पुसट करण्याचा घरगुती उपाय कधी कधी चालतो तो यामुळेच. डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो.

किंमत व मालकी : अधिकृत तबकडी बराच काळ मध्यमवर्गालाही महाग वाटे आणि पदपथावरची नक्कल स्वस्त पडे. नोएडा परिसरात कोऱ्या तबकड्या बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने २००७ मध्ये व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना आणून हे गणित उलटवले. भारतात चित्रपट विकत घेऊन कपाटात ठेवण्याची सवय खऱ्या अर्थाने या सुमारास लागली. त्याआधी चित्रपट मुख्यतः भाड्यानेच आणला जाई. शेमारू ही मुंबईची संस्था १९६२ मध्ये पुस्तकांचे फिरते वाचनालय म्हणून सुरू झाली व १९७९ मध्ये व्हिडिओ टेपा भाड्याने देऊ लागली, हा क्रम बोलका आहे. नक्कलखोरीविरुद्ध महाराष्ट्राने २००९ मध्ये झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले इत्यादींच्या स्थानबद्धतेच्या १९८१ च्या अधिनियमात ‘दृक्श्राव्य चाच्यां’चाही समावेश केला.

तबकडी म्हणजे मालकी व स्ट्रीमिंग म्हणजे भाडे, अशी मांडणी सर्रास आढळते. भारतीय कायद्याच्या संदर्भात ती अपुरी आहे. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ नुसार छापील पुस्तकाची एकदा विकली गेलेली प्रत पुन्हा विकण्यावर लेखकाचा हक्क उरत नाही. चित्रपटाबाबत मात्र २०१२ पर्यंत शब्दयोजना वेगळी होती : प्रत पूर्वी विकली वा भाड्याने दिली गेली असो-नसो, ती विकण्याचा व भाड्याने देण्याचा हक्क प्रताधिकारधारकाचाच. याच आधारे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये, परदेशातून आणलेल्या अस्सल डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या एका व्हिडिओ लायब्ररीविरुद्ध वॉर्नर ब्रदर्स या अमेरिकन चित्रपटसंस्थेच्या बाजूने निर्णय दिला. २०१२ च्या दुरुस्तीने ‘पूर्वी विकली गेली असो-नसो’ हे शब्द गेले, ‘भाड्या’च्या जागी ‘व्यापारी भाडे’ आले आणि ना-नफा ग्रंथालये व शिक्षणसंस्था त्यातून वगळल्या गेल्या. तेव्हापासून जुनी तबकडी विकण्यास मोकळीक आहे, असे काहींचे मत. ‘विक्री’ हा शब्द कलमात कायम असल्याने प्रश्न निकाली निघाला असे म्हणता येत नाही, असे इतरांचे. दुरुस्तीचा रोख पाहता पहिले मत अधिक सयुक्तिक दिसते. एरवी रद्दीच्या दुकानात वीस रुपयांना डीव्हीडी घेणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते.

स्ट्रीमिंग : १९९८ पासून टपालाने डीव्हीडी भाड्याने पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सने २००७ मध्ये स्ट्रीमिंग सुरू केले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तबकड्या पाठवणे थांबवले. भारतात हॉटस्टार २०१५ मध्ये, नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये व ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ त्याच वर्षअखेर आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओने मोबाइल डेटा अत्यंत स्वस्त केला. मुंबईत काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस हे संगीत व चित्रपटांच्या तबकड्यांचे जुने दुकान फेब्रुवारीअखेरीसच बंद झाले होते.

स्ट्रीमिंगमध्ये चित्रपट काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो व इंटरनेटच्या वेगानुसार प्रत्येक तुकड्याचा दर्जा वरखाली होतो. ‘फोर-के’ या अतिशय सुस्पष्ट चित्रासाठी सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट खर्ची पडतात. त्याच दर्जाच्या अल्ट्रा एचडी ब्लू-रे तबकडीवर ही मर्यादा १२८ पर्यंत जाते. फरक दिसतो तो अंधाऱ्या दृश्यांत व धुक्यात, जेथे स्ट्रीमिंगमधील करड्या छटांचे पट्टे पडतात, शिवाय ध्वनीत. स्ट्रीमिंगवरील चित्रपट करार संपला की यादीतून जातो आणि ‘खरेदी’ केलेला चित्रपटही बहुधा पाहण्याचा परवानाच असतो. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून हे ग्राहकाला स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे.

सद्यःस्थिती : सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकन बाजारासाठी नवे ब्लू-रे प्लेअर काढणे थांबवले. परदेशात जुन्या चित्रपटांच्या दुरुस्त प्रतींच्या तबकड्या हौशी संग्राहकांसाठी अजून निघतात. मराठीत असा उद्योग उभा राहिला नाही. अनेक जुने मराठी चित्रपट हक्कधारकांनी यूट्यूबवर विनामूल्य ठेवले आहेत. निकामी तबकड्या कबुतरे येऊ नयेत म्हणून गॅलरीत दोऱ्याने टांगलेल्या दिसतात. पुस्तके व वृत्तपत्रांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत जमा करणे १९५४ च्या अधिनियमाने आवश्यक आहे. चित्रपट-तबकड्या त्याच्या कक्षेत येत नाहीत.