संग्रहातील पुढचे पिस्तूल: एका निवडीची पार्श्वभूमी

पाच-सहा सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुले जमली की संग्राहकापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो पहिल्या खरेदीच्या वेळच्या प्रश्नापेक्षा अवघड असतो. पहिले पिस्तूल मनात भरले म्हणून घेतले जाते. सातवे घेताना मात्र ते आधीच्या सहांत काय भर घालणार आहे, याचे उत्तर द्यावे लागते. बहुतेक जण हे उत्तर कंपनीच्या नावात, काडतुसाच्या मापात किंवा पिस्तुलाच्या अवस्थेत शोधतात. माझ्या मते ते सर्वांत आधी कुलपात शोधावे. गोळी सुटण्याच्या क्षणी नळीचे मागचे तोंड कशाने बंद राहते आणि ते नेमके केव्हा उघडते, ही या शस्त्राची मूळ अडचण होती, आणि गेल्या सव्वाशे वर्षांत तिच्यावर निघालेल्या निरनिराळ्या तोडग्यांतूनच आजची पिस्तुले घडलेली आहेत.

चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. पण रिकामी पुंगळी बाहेर फेकणे, घोडा मागे सारणे आणि पुढचे काडतूस नळीत ढकलणे ही सगळी कामे त्या गोळीच्याच ऊर्जेवर होतात. काळ्या दारूच्या काळात असे यंत्र तग धरू शकत नव्हते, कारण ती दारू जळताना इतकी काजळी मागे ठेवते की बारीक सरकते भाग थोड्याच वेळात अडकू लागतात. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू तयार केली आणि ही अडचण दूर झाली. त्याच सुमारास हायरम मॅक्सिम यांच्या मशीनगनने दाखवून दिले की बंदुकीचा मागे बसणारा धक्का वाया न घालवता कामाला लावता येतो. दारू आणि धक्का या दोन गोष्टी एकत्र आल्यावर पिस्तुलाचे स्वयंचलन ही केवळ यांत्रिक कौशल्याची बाब उरली.

लहान काडतुसांसाठी कुलपाची गरजच नसते. स्लाइडचे, म्हणजे नळीवर मागेपुढे सरकणाऱ्या पोलादी भागाचे, वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावरच पुंगळी पुरेसा वेळ जागी राहते. दाब वाढला की मात्र गोळी नळीबाहेर पडेपर्यंत नळी आणि तिच्या मागचा ठोकळा एकमेकांना जखडून ठेवावे लागतात, आणि घराणी वेगळी होतात ती इथे.

पहिले घराणे जर्मन. ह्यूगो बोरशार्ट यांच्या १८९३ च्या पिस्तुलात मॅक्सिमच्या धर्तीचा, गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा होता. सांधा सरळ असेपर्यंत तो कितीही दाब सहन करतो. नळीसह मागे सरकताना तो जरा वर उचलला गेला की लगेच दुमडतो आणि तोंड उघडते. काडतुसे मुठीतल्या सुट्या मॅगझिनमध्ये ठेवण्याची पद्धतही याच पिस्तुलाने रुळवली. पण स्प्रिंगचे घर हाताच्या मागे इतके बाहेर आलेले होते की तोल साधणे कठीण जाई. गेऑर्ग लूगर यांनी तीच रचना आटोपशीर केली, मुठीला कल दिला, आणि १९०० मध्ये स्विस सैन्याने ते पिस्तूल स्वीकारले. ९ मिमी काडतूस १९०२ मध्ये आले, जर्मन नौदलाने १९०४ मध्ये आणि भूदलाने १९०८ मध्ये हे पिस्तूल घेतले. ‘पी ०८’ हे नाव त्या शेवटच्या वर्षावरून पडले. ते काडतूस आज जगात सर्वत्र चालते, गुडघ्याचा सांधा मात्र पिस्तुलांतून जवळजवळ नाहीसा झाला.

माउझर सी ९६ ची वाट आणखी वेगळी. माउझरच्या कारखान्यातील फेडरले बंधूंनी ते घडवले. मॅगझिन चापाच्या पुढे, काडतुसे पट्टीवरून वरून दाबून भरायची, आणि आत एकही स्क्रू नाही. सगळे भाग लाकडी कोड्यासारखे एकमेकांत गुंततात. पिस्तुलातला एकमेव स्क्रू मुठीच्या लाकडी पट्ट्या धरून ठेवण्यापुरता आहे. हे पिस्तूल एकदा उलगडून पुन्हा जुळवले की त्या काळच्या कारागिरांची बुद्धी जितकी कळते, तितकी कोणत्याही वर्णनाने कळणार नाही.

दुसरे घराणे जॉन मोझेस ब्राउनिंग या एकट्या माणसाचे आहे, आणि त्याने बाकी बहुतेकांना गिळून टाकले. नळीवरून सरकणारी स्लाइड ही कल्पना त्यांची. बेल्जियममध्ये एफएन या शस्त्र कारखान्याने काढलेल्या १९०० च्या छोट्या पिस्तुलात ती बिनकुलपाची होती. मोठ्या काडतुसांसाठी त्यांनी नळीच्या पाठीवर कंगोरे काढले, ते स्लाइडच्या आतल्या खाचांत बसवले, आणि थोडे मागे गेल्यावर नळी खाली झुकून सुटेल अशी सोय केली. अमेरिकी सैन्याच्या मार्च १९११ मधील चाचणीत त्यांच्या पिस्तुलातून ६००० गोळ्या झाडल्या गेल्या, तापले की ते पाण्यात बुडवून थंड केले गेले, आणि ते एकदाही अडले नाही. २९ मार्च १९११ रोजी ते ‘एम १९११’ या नावाने स्वीकारले गेले आणि १९८५ मध्ये बेरेटाची निवड होईपर्यंत तेच सैन्याचे अधिकृत पिस्तूल राहिले.

ब्राउनिंग १९२६ मध्ये लिएज इथे, कामावर असतानाच वारले. त्यांचे अपुरे काम एफएनमधील द्यूदोने सेव्ह यांनी पुढे नेले. १९३५ च्या हाय-पॉवर पिस्तुलातले १३ काडतुसांचे दुहेरी रांगेचे मॅगझिन सेव्ह यांच्या डोक्यातून आले, आणि नळी झुकवणाऱ्या हलत्या कडीऐवजी नळीखालच्या गाळ्यात कोरलेला उतार आला. दुसऱ्या महायुद्धात हेच पिस्तूल व्यापलेल्या बेल्जियममध्ये जर्मनांसाठी आणि टोरांटोच्या इंग्लिस कारखान्यात दोस्त राष्ट्रांसाठी एकाच वेळी बनत होते. रशियाचे टोकारेव्ह, स्वित्झर्लंडचे पी २१०, चेकोस्लोव्हाकियाचे सीझेड ७५ आणि ऑस्ट्रियाचे ग्लॉक ही सगळी याच झुकत्या नळीची वंशावळ आहे. म्हणूनच दहा देशांची दहा पिस्तुले असलेला संग्रह मांडून पाहिला, तर त्यातली आठ-नऊ एकाच कुलपाची निघण्याची शक्यता फार मोठी आहे.

ज्याच्याकडे एम १९११ आणि हाय-पॉवर दोन्ही आहेत, त्याने दुसरे एम १९११ घेण्याआधी वाल्थर पी ३८ हातात घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्यात नळी झुकत नाही. ती सरळ मागे जाते, आणि तिच्या खालचा एक छोटा ठोकळा खाली पडून स्लाइडला मोकळे करतो. बेरेटा ९२ ने १९७० च्या दशकात तीच रचना घेतली. पी ३८ मध्ये आणखी एक वारसा आहे. वाल्थरच्या १९२९ च्या पीपी या खिशातल्या पिस्तुलाने घोडा उतरवून ठेवूनही पहिली गोळी केवळ लांब चाप ओढून झाडता येते हे रुजवले होते. पी ३८ ने ते सैन्याच्या पूर्ण आकाराच्या पिस्तुलात आणले. नळी गोल फिरून सुटणारे ऑस्ट्रियाचे श्टायर १९१२ आणि हेक्लर अँड कॉखचे पी ७ हीसुद्धा अशीच एकांड्या वाटेची पिस्तुले आहेत. पी ७ ची नळी फ्रेमला, म्हणजे पिस्तुलाच्या मूळ सांगाड्याला, पक्की बसवलेली असते. गोळीमागचा थोडा वायू नळीखालच्या सिलिंडरमध्ये शिरतो आणि दाब उतरेपर्यंत दट्ट्यावर रेटा ठेवून स्लाइडला रोखून धरतो. मुठीची पुढची कड बोटांनी आवळली की ते सज्ज होते, सोडली की निर्धोक होते. ती आवळताना तळहाताला जाणवणारा ठाम प्रतिकार आणि शेवटची टिचकी एकदा अनुभवली की ही कल्पना पुढे फारशी कोणी का उचलली नाही, याची हळहळ वाटते. बनवायला ते महाग होते, हे एक कारण नक्कीच.

कुलूप ठरले की नमुना ठरवायचा असतो, आणि तिथे इतिहास अक्षरशः धातूवर लिहिलेला सापडतो. पी ०८ च्या चकतीसारख्या दोन बोटपकडी धरून सांधा वर उचलला, तर त्याच्या प्रत्येक तुकड्यावर क्रमांकाचे शेवटचे दोन अंक ठोकलेले दिसतात. भाग हाताने एकमेकांशी जुळवून बसवले जात, म्हणून त्यांची अदलाबदल होऊ नये यासाठी ही तजवीज होती. सैन्याच्या नमुन्यात मॅगझिनच्या तळावरही पिस्तुलाचा क्रमांक असे, आणि सोबतच्या दुसऱ्या मॅगझिनवर अधिक (+) चिन्ह. सारे अंक जुळणारे पिस्तूल आणि एखादा खटका बदललेले पिस्तूल यांच्या किमतीत जो मोठा फरक पडतो, त्याचे मूळ इथे आहे. नळीच्या मुळाशी १९१६ सारख्या सालावर १९२० असे दुसरे साल दिसले, तर ते पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन सैन्याने नोंदीसाठी ठोकलेले असते; त्याला दोष समजू नये.

पी ३८ वरची छोटी अक्षरे कारखाना सांगतात: ‘एसी’ म्हणजे वाल्थर, ‘बीवायएफ’ म्हणजे माउझर, ‘सीवायक्यू’ म्हणजे श्प्रेवेर्क. युद्ध लांबत गेले तशी पृष्ठभागावरची घासकामाची सफाई कमी होत गेली, आणि १९४५ च्या नमुन्यांवर कानशीचे ओरखडे उघड दिसतात. असे खडबडीत पिस्तूल गुळगुळीत करून घेणे म्हणजे त्याचा पुरावा पुसणे होय. अमेरिकेतही युद्धकाळात एम १९११ ए १ अनेक कारखान्यांनी बनवले; शिलाई यंत्रांच्या सिंगर कंपनीने एस ८००००१ या क्रमांकापासून फक्त ५०० बनवली, आणि म्हणूनच त्यांच्या नकला, बनावट खुणा आणि बदललेल्या स्लाइड यांबाबत विशेष सावध राहावे लागते.

नकली किंवा नव्याने निळा मुलामा चढवलेले पिस्तूल ओळखायचे तर खुणांच्या कडा पाहाव्यात. मूळ ठशाची कड धारदार असते आणि ठोकताना बाजूला सरलेल्या धातूचा किंचित उंचवटा बोटाला लागतो. पॉलिश झाल्यावर तो उंचवटा जातो, अक्षरे उथळ होतात आणि स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडतो. मूळ चामडी खोळ मिळाली तर ती जरूर जपावी, पण पिस्तूल तिच्यात ठेवू नये. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली रसायने पोलादाला गंज आणतात. परवान्याचे नियम प्रत्येक देशात वेगळे असल्याने सौद्याआधी ते तपासणे आणि हाती घेताच मॅगझिन काढून नळी रिकामी असल्याची खात्री करणे, हे ओघाने आलेच.

शीतयुद्धाच्या काळातले सीझेड ७५ मला आजच्या संग्राहकासाठी सर्वांत मोलाचे वाटते. कोउत्स्की बंधूंच्या या रचनेत स्लाइड फ्रेमच्या बाहेरून न सरकता आतल्या खोबणीत सरकते, जशी आधी पी २१० मध्ये सरकत असे. त्यामुळे ती मागे ओढताना बाजूला मुळीच डुगडुगत नाही. चेकोस्लोव्हाकियात पेटंट गुप्त ठेवले गेल्याने बाहेर त्याला संरक्षण मिळाले नाही, आणि इटलीपासून अनेक देशांत त्याच्या प्रतिकृती निघाल्या. सुरुवातीच्या काही वर्षांतील पिस्तुलांवर फ्रेमची खोबण पुढे कमी लांब आहे. बाजूने पाहिले की हा फरक लगेच ध्यानात येतो, आणि मूळ ते हेच.

प्लॅस्टिकची फ्रेम १९७० मध्ये हेक्लर अँड कॉखच्या व्हीपी ७० ने आणली, पण ती जगाच्या सवयीची झाली १९८२ मध्ये ऑस्ट्रियन सैन्याने ग्लॉक १७ स्वीकारल्यावर. कुलूप ब्राउनिंगचेच, फक्त कंगोऱ्यांऐवजी नळीचा चौकोनी मागचा भाग थेट पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीत अडकतो. अनेक संग्राहक त्याला अजून केवळ वापराचे हत्यार समजतात. पण पहिल्या पिढीतील ग्लॉक, ज्यांच्या मुठीवर बोटांच्या खाचा नाहीत आणि पोत बारीक खड्यांसारखा एकसारखा आहे, आता चाळिशीच्या घरात आले आहेत. ते घेतले गेले होते वापरण्यासाठी, जपण्यासाठी नव्हे. त्यामुळे मूळ पेटी आणि मूळ मॅगझिनसह असलेला नमुना समोर आला, तर पी ०८ च्या बरोबरीने त्याचाही क्रमांक लिहून घ्यावा.