निकस वाळूवरचे समृद्ध रान

सिडनीच्या सेंट्रल स्थानकातून दक्षिणेकडे निघालेली लोकल साधारण तासाभरात हीथकोटला पोहोचते. स्थानकाबाहेर पडून थोडे चालले की घरांची शेवटची रांग संपते आणि कार्लू डोहाकडे जाणारी पायवाट खडकाळ उतारावरून थेट रानात शिरते. पन्नास लाख वस्तीच्या शहराला खेटून असे रान टिकले, याचे श्रेय सहसा १८७९ साली येथे स्थापन झालेल्या रॉयल राष्ट्रीय उद्यानाला दिले जाते. ते रास्त असले तरी अपुरे आहे. वसाहतीच्या पहिल्या नव्वद वर्षांत नांगराला येथून दूर ठेवले ते मुख्यतः इथल्या मातीने.

ही माती ज्यापासून बनली तो हॉक्सबरी वालुकाश्म सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी एका प्रचंड नदीने आणून टाकलेल्या वाळूचा आहे. ही वाळू बहुतांशी गारेची (क्वार्ट्झची) असल्याने तिच्यात वनस्पतींच्या पोषणाला उपयोगी असे फारसे काही नाही आणि स्फुरद (फॉस्फरस) तर नाममात्रच आहे. दख्खनच्या काळ्या मातीची सवय असलेल्या माणसाने ती मुठीत घेतली, तर ती त्याला किनाऱ्यावरची राखाडी रेतीच वाटेल. सिडनीच्या पश्चिमेला कंबरलँडचे मैदान आहे. तिथली माती शेल या चिकणमातीपासून बनलेल्या खडकाची आणि कसदार. त्यामुळे तिथले मूळ वन शेतीसाठी तोडले गेले आणि आज त्याचे तुकडेच उरले आहेत. वालुकाश्मावरचे रान शेतकऱ्याच्या कामाचे नव्हते, म्हणून वाचले.

उपासमारीच्या या जमिनीवर वनस्पतींची विविधता मात्र थक्क करणारी आहे. बँक्सिया, ग्रेव्हिलिया, लालभडक फुलांची वाराटा ही सारी एकाच कुळातली मंडळी. त्यांच्या मुळांना ठिकठिकाणी बारीक उपमुळांचे दाट झुबके फुटतात आणि या झुबक्यांतून सिट्रेटसारखी सेंद्रिय आम्ले पाझरून लोह व ॲल्युमिनियमला चिकटून बसलेला स्फुरद सुटा होतो. स्फुरद तुटपुंजा असला तरी सूर्यप्रकाश भरपूर असतो, त्यामुळे कर्ब (कार्बन) मुबलक मिळतो; तो खर्ची पडतो जाड, चिवट, दीर्घायुषी पानांत आणि मधुरसात. हनीईटर पक्ष्यांची फुलांवर उडणारी झुंबड ही त्या मधुरसाची किमया आहे.

खरा मुक्काम करावा तो बँक्सियाच्या फळापाशी. कणसासारख्या जाडजूड लाकडी फळावर ओठ मिटल्यासारख्या कठीण पुटिका, म्हणजे बियांच्या कुप्या, असतात आणि काही जातींत त्या वर्षानुवर्षे तशाच बंद राहतात. वणव्याची आच लागली की ओठ उघडतात आणि पंख असलेल्या बिया राखेवर पडतात. वणव्याला तोंड देण्याची रीत मात्र सर्वांची एक नाही. बारीक पानांची बँक्सिया एरिसिफोलिया आगीत मरते आणि केवळ बियांतून पुन्हा उगवते. तिच्याच शेजारची बँक्सिया सेराटा जाड सालीखाली राखलेल्या कळ्यांतून नवे धुमारे काढते. १९९४च्या जानेवारीत या उद्यानाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग जळाला, तरी रान पुन्हा उभे राहिले. एरिसिफोलियाची रोपे बिया धरण्याइतकी मोठी होण्याआधीच दुसरा वणवा आला, तर मात्र ती जात त्या जागेवरून नाहीशी होते.

आगीपेक्षा काकणभर अधिक चिंता करावी ती सुपीकतेची. डोंगरमाथ्यावरच्या वस्त्यांतून पावसाचे पाणी गटारांवाटे खालच्या ओढ्यांत उतरते आणि येताना बागांतले खत, कुत्र्यांची विष्ठा व गाळ घेऊन येते. स्फुरद पुरेसा मिळाल्यावर तो शोषणे थांबवण्याची क्षमता बँक्सियाच्या कुळातील अनेक वनस्पतींत फार क्षीण आहे, त्यामुळे जादा स्फुरद पानांत साठून ती करपतात. त्यांच्या जागी प्रिव्हेट (कुंपणाला लावतात ते परके झुडूप) आणि लँटाना माजतात. ही लँटाना म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवर बोकाळलेली आपली घाणेरीच. दोन्हीकडे ती उष्णकटिबंधीय अमेरिकेतून शोभेसाठी आणली गेली.

तण दिसले की उपटायचे आणि मोकळ्या जागी रोपे लावायची, हा उपाय सुचतो खरा; पण मोकळी, उकरलेली जमीन तणालाच आधी साधते. सिडनीच्याच मोझमन उपनगरातील जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६०च्या दशकात उलटी पद्धत रूढ केली. त्यांनी सर्वांत निरोगी भागापासून सुरुवात करून थोडेथोडे तण हाताने काढले, माती शक्य तितकी न हलवता पालापाचोळा पुन्हा जागेवर पसरला आणि देशी रोपे आपसूक उगवून आल्यावरच पुढचा पट्टा हाती घेतला. रोपे लावण्याची गरज फारशी पडत नसे, कारण त्या वाळूत देशी बिया आधीपासूनच पडून होत्या.