ऊसतोडीला गेल्यावर कुत्रं चावलं तर : रेबीजची लस, लागणारे कागद आणि हुकणारे डोस

दिवाळी झाली की बीड, धाराशिव, जालना, परभणीकडची माणसं कोयता घेऊन निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या नाहीतर पार बेळगाव, बागलकोटच्या उसाच्या फडात राबतात. कोप्यांच्या, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या खोपटांच्या, आसपास कुत्री असतातच, आणि ती चावतातही. त्यातल्या बहुतेकांना पहिलं इंजेक्शन कुठं ना कुठं मिळतं. अडतं ते पुढं. एक डोस कारखान्याजवळच्या दवाखान्यात होतो, दुसऱ्याच्या दिवशी गाडी भरायची असते, तिसऱ्याला टोळी दुसऱ्या गावच्या फडावर गेलेली असते आणि शेवटच्याला माणूस गावी परतलेला असतो. गावाकडच्या दवाखान्याच्या खिडकीवर त्याला सांगतात, ‘जिथं सुरू केलं तिथंच जा.’ तीनशे किलोमीटर मागं कोण जाणार? रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. म्हणून ही अर्धी राहिलेली लस पाहिली की राग येतो आणि भीतीही वाटते.

दवाखान्यात जायच्या आधी जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हातपंप असो, टँकरचा नळ असो, नाहीतर तांब्यानं धार धरा. मिरचीपूड, चुना, हळद, तंबाखू यातलं काहीही जखमेत भरू नका आणि पट्टी बांधू नका. टाके शक्यतो नकोत. जखम फारच फाटली असेल तर ते कधी घालायचे हे डॉक्टरला ठरवू द्या. मंतरलेलं पाणी प्यायचं असेल तर लस घेतल्यावर प्या, आधी नाही.

लस कुणाला लागते

पात्रता म्हणाल तर कुत्रं चावलं एवढीच. उत्पन्नाची अट नाही, वयाची नाही, गावची नाही. तान्ह्या बाळाला, गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईलाही लस देता येते आणि द्यायलाच हवी. कुत्र्याबरोबरच मांजर, माकड, कोल्हा, मुंगूस चावलं तरी दवाखाना गाठायचाच.

धडधाकट कातडीवर कुत्र्यानं नुसतं चाटलं तर काही लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला असेल तर लस लागते. दात कातडीच्या आत गेला, रक्त आलं, किंवा लाळ डोळ्यात, तोंडात गेली, तर लस आणि सिरम (लसीचा गुण येईपर्यंत जखमेतच टोचायचं औषध) दोन्ही लागतात. आणखी एक गोष्ट ऊसतोडीच्या माणसाला कुणी सांगत नाही. फुटलेल्या कातडीवर कुत्र्यानं चाटलं तर तेही याच शेवटच्या, सगळ्यात धोक्याच्या प्रकारात येतं. हंगामात हातपाय पाहा. पाचटानं कापून बोटापासून कोपरापर्यंत बारीक चिरा पडलेल्या असतात. त्यावर कोपीतल्या पाळलेल्या पिल्लानं चाटलेलं कुणी धरतच नाही. डॉक्टरनं विचारलं नाही तरी ते सांगा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो टीटीच्या इंजेक्शनाचा. रस्त्यावरच्या खासगी दवाखान्यात जखम पुसतात, एक इंजेक्शन देतात, गोळ्या देतात आणि माणूस ‘कुत्र्याचं इंजेक्शन झालं’ म्हणून निर्धास्त होतो. ते इंजेक्शन धनुर्वाताचं असतं. त्याचा रेबीजशी काही संबंध नाही. उठायच्या आधी स्पष्ट विचारा, ‘हे रेबीजचं आहे का?’ आणि ते कागदावर लिहून घ्या. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात या भीतीनंही जुनी माणसं दवाखाना टाळतात. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता इंजेक्शन दंडात देतात, आणि तेही चार किंवा पाच वेळाच.

कागद कोणते

पहिल्या डोसाला कागद लागत नाही. आधार मागतील, मोबाईल नंबर मागतील. असेल तर द्या. आधार गावी पेटीत राहिलंय, रेशनकार्ड बीडचं आहे, ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र अजून हातात आलेलं नाही, यातल्या कशानंही लस अडायला नको. सरकारी दवाखान्यानं तातडीचे उपचार वेळेवर दिले नाहीत तर तो जगण्याच्या हक्काचा भंग ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्येच सांगितलं आहे. तो खटला पश्चिम बंगालच्या शेतमजुरांच्या संघटनेनं लढला होता. तरीही खिडकीवरचा माणूस परत पाठवू लागला तर त्याच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. सरळ वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर जाऊन जखम दाखवा. महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसुद्धा फुकट आहे. कर्नाटकात बोलायची अडचण आली तर ‘नायी कच्चिदे’ एवढं म्हणा, पुढचं जखमेवरून त्यांना कळतं.

उपकेंद्रात ही लस सहसा नसते. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. ओपीडीची वेळ टळली असेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात रात्रीही डॉक्टर असतो. सकाळची वाट पाहू नका.

खरा कागद पहिल्या डोसानंतर हातात पडतो : डोसांचं कार्ड. हाच कागद पुढं कुणाकडं नसतो. मी पाहिलेलं एक कार्ड एका पोरीच्या आईनं कमरेच्या पिशवीत चुन्याच्या डबीबरोबर ठेवलं होतं. घामानं शाई पसरून फक्त दवाखान्याचा गोल शिक्का उरला होता, तारीख एकही वाचता येत नव्हती. तिचे किती डोस झाले हे कळायला काही मार्गच नव्हता. म्हणून कार्ड मिळालं की तिथंच उभं राहून त्याचा फोटो काढा आणि मुकादमाला (टोळी आणणाऱ्याला), भावाला, गावाकडच्या आशाताईला, जमेल त्याला पाठवा. फोटोच्या आधी त्यावर चार गोष्टी आहेत का पाहा : डोस दिल्याची तारीख, लसीचं नाव, लस कातडीत दिली की स्नायूत, आणि सिरम दिलं की नाही. तिसरी गोष्ट बरेच दवाखाने लिहीतच नाहीत आणि पुढच्या डॉक्टरला सगळ्यात आधी तीच हवी असते. लिहायला लावा. संकोच करू नका.

तारखा मोजताना होणारी चूक

लस कातडीत देत असतील तर कार्डावर ०, ३, ७, २८ असं असतं, आणि प्रत्येक वेळी दोन्ही दंडांत एकेक बारीक टोचा मारतात. स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४, २८. हे आकडे वाचण्यात फार माणसं चुकतात.

शून्य म्हणजे कुत्रं चावल्याचा दिवस नव्हे, पहिली लस टोचल्याचा दिवस. पुढचे सगळे आकडे त्या दिवसापासूनच मोजायचे, आधीच्या डोसापासून नाही. समजा १ जानेवारीला कुत्रं चावलं आणि ३ तारखेला पहिली लस मिळाली. मग दुसरी ६ ला, तिसरी १० ला आणि शेवटची ३१ जानेवारीला. स्नायूतली असेल तर मध्ये एक १७ ला. अट्ठावीस म्हणजे महिन्याची २८ तारीख समजून लवकर आलेले आहेत, आणि तिसऱ्या डोसानंतर आणखी अट्ठावीस दिवस मोजून उशिरा आलेलेही आहेत. कार्डावर नुसते आकडे असतील तर नर्सताईंकडून समोर तारखा लिहून घ्या.

चावून आठ दिवस झाले, महिना झाला, आता काय उपयोग, असं म्हणून घरी बसू नका. रोग उठायला बहुतेक वेळा एक ते तीन महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. उशीर झाला तरी लस सुरू करायचीच. पण उशीर परवडतो असा याचा अर्थ नाही. चेहऱ्यावर, डोक्यावर, मानेवर चावलं असेल तर रोग लवकर उठू शकतो, आणि लहान पोरांना कुत्रं नेमकं तिथंच चावतं कारण त्यांची उंचीच तेवढी. आईबाप पहाटे फडात, पोरं दिवसभर कोपीवर. मार बसेल म्हणून पोरं सांगत नाहीत. संध्याकाळी अंगावर नवा ओरखडा दिसला तर रागावू नका, विचारा.

सिरम : इथं मुदत खरंच संपते

लसीनं अंगात ताकद तयार व्हायला काही दिवस जातात. तोवर जखमेतला विषाणू जागीच मारायला सिरम लागतं. वजनाप्रमाणे मात्रा ठरते : घोड्याच्या रक्तापासूनचं किलोला ४० युनिट, माणसाच्या रक्तापासूनचं २० युनिट. ते जखमेच्या आत आणि भोवती टोचतात. दुखतं, पण अर्ध्यातून उठू नका.

प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा सिरम नसतं. तिथून चिठ्ठी देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवतात आणि इथंच माणूस गळतो. एक तर भाड्याचे पैसे नसतात, वर खाडा पडतो. सिरम पहिल्या डोसाबरोबरच घ्यायचं. नाहीच जमलं तर पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत. वरच्या उदाहरणात १० जानेवारीनंतर सिरम देत नाहीत, कारण तोवर लसीचा गुण यायला लागलेला असतो आणि सिरम त्याच्या आड येतं. ही मुदत कुणाच्या सहीनं वाढत नाही. म्हणून चिठ्ठी मिळाली की त्याच दिवशी निघा, पण निघायच्या आधी पहिली लस तिथंच टोचून घ्या. ‘तिकडंच सगळं देतील’ म्हणाले तरी आग्रह धरा. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर ‘आमच्याकडं सिरम संपलंय’ असं कळलं तर पुढं कुठं मिळेल ते लिहून मागा.

जागा बदलली तर

लस एका दवाखान्यात सुरू करून दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात पुरी करता येते. कंपनी वेगळी असली तरी चालते. कातडीतून सुरू केलेली लस नाइलाजानं स्नायूत पुरी करावी लागली तरी जागतिक आरोग्य संघटनेला ते मान्य आहे. मधला डोस हुकला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. राहिलेले डोस जिथं थांबलं तिथून पुढं घ्यायचे आणि मधलं अंतर डॉक्टर ठरवतात. हे दवाखान्यातल्या सगळ्यांना माहीत असायला हवं, पण नसतं, म्हणून तुम्हाला माहीत असलेलं बरं. ‘जिथं सुरू केलं तिथंच जा’ असं कुणी म्हणालं तर कार्ड किंवा फोटो घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्याकडं, तिथंही नाही झालं तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडं जा. १०४ वर फोन करूनही विचारता येतं.

कातडीतल्या लसीची कुपी फोडली की काही तासांतच संपवावी लागते आणि एका कुपीत एकाहून जास्त माणसांचे डोस असतात. त्यामुळं काही केंद्रं चारपाच रुग्ण जमले की लस देतात, किंवा ठरावीक वारीच बोलावतात. त्यांची अडचण खरी आहे, पण ती रुग्णाच्या डोक्यावर टाकणं बरोबर नाही. पहिल्या डोसासाठी तर अजिबात थांबू नका. पुढच्या डोसाला आदल्या दिवशी फोन करून या, म्हणजे फेरा वाया जाणार नाही.

मुकादमांना एक विनंती. लसीच्या दिवसाचा खाडा धरू नका. तीन-चार अर्धे दिवस आहेत, तारखा आधीच ठाऊक असतात, कोयत्यातला (जोडीतला) दुसरा माणूस तेवढं ओढतो. उचल (आधी घेतलेले पैसे) फिटायचीच आहे, पण त्यासाठी माणूस जगायला हवा.

कुत्रं ओळखीचं असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवा. दहा दिवसांनी ते धडधाकट असेल तर उरलेले डोस थांबवायचे का, हे डॉक्टर सांगतील. पण हे लस सुरू करून मग करायचं. कुत्रं जगतंय का मरतंय ते बघून दवाखान्यात जायचं नाही. भटकं कुत्रं तर दुसऱ्या दिवशी सापडतही नाही.

एचआयव्हीचं औषध चालू असेल, दम्याला किंवा सांध्याला स्टिरॉइडच्या गोळ्या असतील, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरला सांगा. अशांना लस स्नायूत देतात आणि किरकोळ ओरखड्यालाही सिरम देतात.

बैलगाडीवाल्यांनी बैल विसरू नये. पिसाळलेलं कुत्रं बैलाला चावलं तर त्यालाही लस असते, आणि तिचे डोसही असेच तारखांनी. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच न्या. चावलेला बैल पुढं लाळ गाळू लागला, चारा सोडला, तर घशात काही अडकलंय म्हणून तोंडात हात घालू नका. घातलाच असेल तर तुम्हालाही लस लागेल.

सगळे डोस झाले तरी कार्ड फेकू नका. पुढच्या हंगामात पुन्हा कुत्रं चावलं आणि आधीची लस पुरी झाल्याचं दाखवता आलं, तर फक्त दोनच डोस लागतात, कार्डावरच्या ० आणि ३ या दिवशी, आणि सिरम लागत नाही. दाखवता आलं नाही तर डॉक्टर सगळं नव्यानं सुरू करतात. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आधारच्या जोडीला ठेवा.