मोटारगाडीचा सुरक्षा अलार्म : बसवणी व जुळवणी

बंद करून उभ्या केलेल्या मोटारगाडीचे दार, बोनेट किंवा डिकी कोणी उघडली, काच फोडली वा गाडीला जोराचा धक्का दिला, तर भोंगा वाजवून आणि इंडिकेटर लुकलुकवून आसपासच्यांचे लक्ष वेधणारी विद्युत् यंत्रणा. बहुतेक संचांना सेंट्रल लॉकची आणि एंजिन सुरू होऊ न देणाऱ्या रिलेची, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचची जोड असते. त्यामुळे बोलताना ‘सेंट्रल लॉक बसवले’ असे म्हटले तरी त्यात बहुधा अलार्म धरलेला असतो. ‘अलार्म’ हा शब्द ‘शस्त्रे उचला’ या अर्थाच्या जुन्या इटालियन हाकेवरून आला. मराठीत तो घड्याळाच्या गजरापुरता रुळला आणि गाडीच्या बाबतीत ‘सायरन’ किंवा ‘हूटर’ हेच शब्द अधिक चालतात. ‘ऑटोकॉप’ हे व्यापारी नावही काही काळ कोणत्याही कंपनीच्या अलार्मसाठी सरसकट वापरले जात असे.

उगम : पहिल्या मोटार-अलार्मचा मान कोणाला द्यावा याबद्दल एकमत नाही. अमेरिकेतील डेन्व्हर येथील एका कैद्याने १९१३ च्या सुमारास तो तयार केला, ही हकीकत सर्वाधिक उद्धृत होते. अलार्म हाताने लावून ठेवायचा आणि कोणी एंजिनाला हँडल (हाताने फिरवून एंजिन सुरू करण्याचा दांडा) मारू लागला की तो वाजायचा, असे तिचे स्वरूप आहे. कैद्याचे नाव तीत येत नाही. हँडलचा तपशील मात्र काळाशी जुळतो. कॅडिलॅकने १९१२ च्या गाड्यांना विजेचा स्टार्टर दिला असला, तरी फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला तो १९१९ मध्ये मिळाला आणि तोपर्यंत बहुसंख्य गाड्या हँडलवरच सुरू होत. कर्कश विद्युत् भोंगाही दुर्मीळ नव्हता, कारण ‘क्लॅक्सन’ १९०८ पासून प्रचारात होता. अडचण विजेच्या पुरवठ्याची आहे. त्या काळच्या अनेक गाड्यांत ठिणगीसाठी मॅग्नेटो, म्हणजे एंजिनाबरोबर फिरणारे छोटे जनित्र असे आणि एंजिन फिरत नसताना तो वीज देत नाही. म्हणजे अशा अलार्मला बहुधा स्वतंत्र बॅटरी लागणार, आणि तिचा उल्लेख या हकीकतीत येत नाही. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या कल्पनेत मालकाने जवळ एक ग्राहक-यंत्र बाळगायचे आणि इग्निशनशी छेडछाड झाली की ते गुणगुणायचे, अशी योजना होती. आजच्या ‘पेजर अलार्म’चे हे पूर्वरूप म्हणता येईल.

सेंट जॉर्ज एव्हान्स आणि एडवर्ड बर्केनब्यूएल यांचे १९१९ चे पेटंट यांपेक्षा भक्कम पुरावा ठरते. गाडीच्या आत तीन ओळी व तीन रकाने अशा नऊ दुहेरी स्विचांचा फलक होता. स्विच ठरलेल्या रचनेत असतील तरच वीज ठिणगी-प्लगांकडे जाई, नाहीतर एंजिन सुरू होत नसे आणि भोंगा वाजे. रचना दर खेपेस बदलता येई. या पेटंटचा मुख्य हेतू एंजिन रोखण्याचा होता आणि भोंगा दुय्यम होता, म्हणून त्याला इमोबिलायझरचा, म्हणजे एंजिन अडवणाऱ्या यंत्रणेचा पूर्वज मानावे असेही मत आहे. आवाज व अडवणूक एकाच मंडलात आणल्याची लेखी नोंद म्हणून या नोंदीत तेच आरंभस्थान धरले आहे. रिमोटचा अलार्म घरोघरी पोचला तो १९८० नंतर. अमेरिकेतील ‘व्हायपर’ अलार्ममधला, गाडीपासून दूर होण्यास बजावणारा आवाज हा कंपनीचे संस्थापक आणि पुढे अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झालेले डॅरेल इसा यांचा होता.

घटक व संकेत : ‘किट’ म्हणून ओळखला जाणारा नियंत्रक, सायरन, शॉक सेन्सर, दारांचे व बोनेटचे पिन-स्विच, डॅशबोर्डवरचा लुकलुकता दिवा, रिले आणि दोन रिमोट एवढ्यात संच पुरा होतो. भारतात मिळणारे बहुतेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात.

जुन्या, स्वस्त रिमोटमध्ये ‘पीटी २२६२’ जातीची चिप असे. तिचे बारा पाय प्रत्येकी तीन अवस्थांत ठेवता येत, म्हणजे एकूण ५,३१,४४१ संकेत शक्य होत. पण एका रिमोटचा संकेत कायम तोच राहत असल्याने तो एकदा टिपून पुन्हा वाजवला की काम फत्ते. यावर उपाय म्हणून बदलत्या संकेताची, म्हणजे ‘रोलिंग कोड’ची पद्धत आली. तिच्यातील ‘कीलॉक’ हा संकेत दक्षिण आफ्रिकेत १९८० नंतरच्या दशकात तयार झाला आणि १९९५ मध्ये मायक्रोचिप कंपनीने विकत घेतला. रिमोटमध्ये एक गणक असतो आणि बटण दाबले की तो एकाने पुढे सरकतो. नियंत्रक आपल्याजवळच्या आकड्यापुढचे १६ आकडे मुकाट्याने स्वीकारतो. अंतर त्याहून वाढले तर बटण लागोपाठ दोनदा दाबल्यावर पुन्हा जुळतो. घरात पोराने रिमोट खेळायला घेतला आणि नंतर पहिल्या दाबाला गाडी उघडली नाही, तर कारण बहुधा हेच असते. रिमोट बिघडलेला नसतो. २००७-०८ मध्ये संशोधकांनी कीलॉक फोडण्याच्या रीती प्रसिद्ध केल्या. तरी कायम संकेतापेक्षा तो कितीतरी बरा.

बसवणी : नाशिकला गाड्यांच्या विजेचे काम करणाऱ्याला ‘वायरमन’ म्हणतात. मुंबई नाका ते द्वारका या पट्ट्यात आणि सातपूर-अंबडकडे ही कामे चालतात. सातपूरला महिंद्राचा कारखाना असल्याने बोलेरो आणि २००२ मध्ये आलेली स्कॉर्पिओ यांच्या तारांचे रंग इथल्या जुन्या हातांना तोंडपाठ असतात.

वायरमन आधी बॅटरीची काळी तार सोडतो. पिवळ्या वेष्टनातील तारा एअरबॅगच्या असतात आणि त्यांना टेस्ट लॅम्पही लावायचा नसतो. किट डॅशबोर्डच्या आत, सहज हात पोचणार नाही असे बांधतात. सायरन बोनेटखाली, सायलेन्सरच्या गरम पाइपापासून दूर आणि तोंड खाली करून बसवतात. तोंड वर राहिले की पहिल्या पावसातच कर्ण्यात पाणी साचते. तारा फायरवॉलच्या, म्हणजे एंजिन व बसण्याची जागा यांमधल्या पत्र्याच्या रबरी बुचातून ओढतात. नवे भोक पाडून बूच न लावल्यास पत्र्याची कड वर्ष-दोन वर्षांत वेष्टन कापते.

दाराची तार शोधताना दार उघडल्यावर ती ‘अर्थ’ होते (गाडीच्या पत्र्याला जोडली जाते) की तिच्यात बॅटरीचा दाब येतो हे पाहतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ती अर्थ होते. दार लावल्यावर छतातला दिवा हळूहळू मालवणाऱ्या गाड्यांत एक खोच असते. दिवा पूर्ण विझेपर्यंत किटला दार उघडेच वाटते आणि ते अलार्म लावायला नकार देते. तिथे तार दिव्याकडून न घेता दाराच्या स्विचकडून घ्यावी लागते.

रिलेची जोडणी हा जाणकारांतला जुना वाद आहे. रिलेच्या पायांना ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७ए असे आकडे असतात. स्टार्टरची तार तोडून ३० व ८७ए मध्ये जोडली, तर रिले निवांत असताना प्रवाह वाहतो आणि अलार्म लावल्यावर चोराने चावी फिरवली की तो तुटतो. उभ्या गाडीत रिले वीज खात नाही आणि किट मेले तरी मालक अडकत नाही. पण किट उपटून टाकले की गाडी सुरू होते. ३० व ८७ मध्ये जोडल्यास उलटे घडते. किट उपटले तर गाडी सुरू होत नाही, पण किट बिघडले तर मालकही रस्त्यावर. कुटुंबाच्या गाडीला पहिली रीत सोयीची. तोडायची तार मात्र स्टार्टरचीच असावी. काही जण इग्निशनची किंवा पेट्रोल पंपाची तार तोडतात. कसारा घाट उतरताना त्या रिलेचा सांधा सुटला तर एंजिन बंद पडते, ब्रेक व स्टीअरिंग जड होतात. स्टार्टरचा मात्र एंजिन एकदा सुरू झाल्यावर काही संबंध उरत नाही.

नव्या गाड्यांत दारे, दिवे व कुलपे एकाच संगणकीय जाळ्याला जोडलेली असतात. तिथे तारा न कापता कपलरला कपलर जोडणारा संच घ्यावा. कापलेल्या तारेमुळे विजेच्या भागांची वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

जुळवणी : अलार्म चांगला की वाईट हे बसवणीपेक्षा शॉक सेन्सरच्या जुळवणीवर ठरते, आणि याच कामाला दुकानात सर्वांत कमी वेळ मिळतो. सेन्सर म्हणजे काडेपेटीएवढी डबी. तिच्यात पिझो चकती (धक्का बसला की वीज निर्माण करणारी) किंवा स्प्रिंगवर डुलणारे चुंबक असते. बाहेर एक इवला स्क्रू असतो आणि बहुतेक डब्यांत तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की संवेदनक्षमता वाढते. चांगले सेन्सर दोन पायऱ्यांचे असतात. हलक्या धक्क्याला दोन-चार ‘चिप’ आवाज होतात आणि जोराच्या धक्क्याला पूर्ण भोंगा वाजतो. डबी डॅशबोर्डखालच्या लोखंडी पट्टीला केबल टायने घट्ट आवळतात. तारांच्या जुडग्यावर ती नुसती चिकटवली, तर खिडकीवरचा ठोसा तिला कळत नाही आणि डुलणारी तार मात्र कळते.

नीट जुळवणारा वायरमन स्क्रू मध्यावर ठेवतो, दारे लावतो, रिमोट दाबतो आणि सेन्सर जागा होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबतो. मग मुठीच्या मऊ बाजूने चालकाच्या बाजूच्या काचेच्या वर, खांबावर ठोकतो. नंतर टपावर तळहात आपटतो, मागच्या टायरला लाथ मारतो. टायरच्या लाथेला फक्त चिप यावा, खांबावरच्या जोरदार ठोशाला भोंगा. कमीजास्त वाटले तर स्क्रू पावपाव फेराच फिरवायचा आणि दर वेळी पुन्हा थांबायचे. शेवटची चाचणी रस्त्याकडेला, शेजारून भरलेला ट्रक जाऊ देऊन घ्यावी. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांतील ९७ क्रमांकाचा नियम याच गोष्टीला आकडा देतो. १६५ मिलिमीटर व्यासाच्या रबरी अर्धगोलाचा ४.५ ज्यूलपर्यंतचा आघात गाडीवर कुठेही झाला तरी अलार्म वाजता कामा नये. एक किलोचे वजन सुमारे ४६ सेंटिमीटरवरून पडावे तेवढी ही ताकद. दुकानातून ‘टच केला की वाजतो’ अशी बढाई मारून दिलेले अलार्म या कसोटीला उतरणार नाहीत.

नाशिकमधील विशेष अडचण ढोलाची. नाशिक ढोलाचा खर्ज पत्र्याला थरथरवतो. गणेश विसर्जनाची मिरवणूक वाकडी बारवेपासून मेन रोड, रविवार कारंजा अशी सरकते, तेव्हा गल्ल्यांत उभ्या असलेल्या गाड्या एकामागून एक ओरडू लागल्याचे दृश्य जुन्या नाशकात नवलाचे नाही. जुन्या वाड्यांना गाडीसाठी जागा नसल्याने ती रस्त्यावरच राहते. अशा घरी स्क्रू कमी करून ठेवण्यापेक्षा सेन्सर तात्पुरता वगळण्याची सोय किटमध्ये असली तर तीच वापरावी. दारांचा पहारा तेवढ्याने सुटत नाही. खोट्या ओरडीची बाकी कारणे साधी असतात. पावसाळ्यात गंजलेली दाराची पिन, दबून सैल झालेली बोनेटची पिन, उंदराने कुरतडलेली तार. आतली हालचाल ध्वनिलहरींनी टिपणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर असलेल्या गाडीत काच बोटभर उघडी राहिली, तर वाऱ्याने आरशाची माळ हलली तरी पुरते.

परिणामकारकता : अलार्मने चोरी टळते का, यावर मते विभागलेली आहेत. अमेरिकेतील हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूटने १९९७ मध्ये विम्याच्या दाव्यांवरून, अलार्म असलेल्या गाड्यांच्या चोरीच्या नुकसानीत एकंदरीने घट दिसत नाही असा निष्कर्ष काढला. याउलट व्हॅन ओर्स व व्होलार्ड या अर्थतज्ज्ञांनी नेदरलँड्सच्या आकड्यांवरून, सक्तीच्या इमोबिलायझरमुळे गाडीचोरी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे दाखवले. दोन्ही एकत्र वाचल्यास अडवणुकीचे पारडे आवाजापेक्षा जड दिसते. मात्र काच फोडून बॅग किंवा म्युझिक सिस्टीम नेणाऱ्याला इमोबिलायझर अडवत नाही. तिथे भोंग्याचा उपयोग आहे, बशर्ते शेजाऱ्यांचे कान त्याला सरावलेले नसावेत.

कायदा व विमा : केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९ वा नियम अनेक सुरांचे आणि अवाजवी कर्कश आवाज करणारे भोंगे गाडीला लावण्यास मनाई करतो. अलार्मचा भोंगा धावत्या गाडीच्या हॉर्नपेक्षा वेगळा असल्याने तो त्यात येत नाही असा एक अर्थ लावला जातो. सहा तऱ्हांनी किंचाळणारा सायरन टाळणे तरीही शहाणपणाचे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबल आहे. ९७ क्रमांकाच्या नियमात भोंगा एका खेपेस २५ ते ३० सेकंदच वाजावा असे आहे. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने मान्य केलेला संच असल्यास स्वतःच्या नुकसानीच्या विमाहप्त्यात २.५ टक्के, पण कमाल ५०० रुपये सूट देण्याची पद्धत आहे.

देखभाल : लावलेला अलार्म साधारण २० मिलिअँपिअर वीज घेतो, म्हणजे दिवसाला अर्ध्या अँपिअर-तासाच्या आसपास. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी यावर महिनाभराहून थोड्या अधिक काळात निम्मी होते, जुनी असेल तर त्याआधीच. निफाडकडच्या थंडीत पहाटे गाडी आधीच कुरकुरते, तेव्हा गाडी घरी ठेवून लांबच्या प्रवासाला जाताना अलार्म न लावता दारे चावीने लावावीत. गाडी जुनी घेतल्यास किटमधले आधीचे सर्व रिमोट पुसून आपले दोन नव्याने नोंदवावेत, आणि रिमोट हरवल्यावर अलार्म बंद करणारा छोटा लपवलेला स्विच नेमका कुठे आहे ते विकणाऱ्याकडून समक्ष दाखवून घ्यावे.