मुक्या कॉकपिटमधली भयकथा: ‘द शेफर्ड’च्या रूपांतरांची पार्श्वभूमी

भुताच्या गोष्टीला पडका वाडा लागतो, ही समजूत आपल्याइतकीच इंग्रजांमध्येही रुजलेली आहे. १९७४ च्या नाताळात फ्रेडरिक फोर्सिथ यांच्याकडे त्यांच्या पत्नीने भेट म्हणून एक भुताची गोष्ट मागितली, तेव्हा त्यांनी वाडा टाळला आणि भूत आकाशात नेले. ‘द डे ऑफ द जॅकल’ या कादंबरीमुळे तोवर ते जगभर माहीत झाले होते, परंतु लेखक होण्याआधी, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, सक्तीच्या लष्करी सेवेच्या काळात त्यांनी ब्रिटिश हवाई दलात व्हॅम्पायर हे जेट विमान चालवले होते. ती जुनी विद्या येथे कामी आली. ‘द शेफर्ड’ ही दीर्घकथा १९७५ मध्ये छोटेखानी पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. तिच्या रूपांतरांविषयी लिहायचे तर शेवट झाकून ठेवता येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

कथा १९५७ च्या नाताळच्या आदल्या रात्री घडते. एक तरुण वैमानिक जर्मनीतील सेले येथून इंग्लंडच्या सफोक परगण्यातील लेकनहीथकडे एकट्याने व्हॅम्पायर नेत आहे. प्रवास ६६ मिनिटांचा आहे. उत्तर समुद्रावर विमानातील वीजयंत्रणा बंद पडते, होकायंत्र भरकटते आणि रेडिओ मुका होतो. खाली इंग्लंडचा पूर्व किनारा धुक्याने झाकलेला आहे आणि इंधन संपत आले आहे. उडी मारावी, तर या विमानात आसनासह बाहेर फेकले जाण्याची सोय नाही, आणि जोड शेपटांच्या मधोमध आडवा असलेला पंख बाहेर पडणाऱ्याच्या अंगावर येण्याची भीती आहे. त्यातून वाचलाच, तर खाली डिसेंबरचा समुद्र आहे.

अशा वेळी वैमानिकाने काय करायचे, याचा नियम ठरलेला होता आणि फोर्सिथ यांनी तो जसाच्या तसा कथेत वापरला आहे. रेडिओवर बोलता येत नाही आणि ऐकूही येत नाही, अशा स्थितीत डावीकडे वळत आकाशात लहान त्रिकोण काढायचे. ऐकू येत असेल तर ते उजवीकडे वळून काढायचे. रडारच्या पडद्यावर तो विचित्र त्रिकोण दिसला, की जमिनीवरचा माणूस समजून घेतो आणि वाट दाखवण्यासाठी दुसरे विमान वर पाठवतो. या वाटाड्या विमानालाच ‘शेफर्ड’, म्हणजे मेंढपाळ, म्हणतात. वैमानिक त्रिकोण काढत राहतो आणि धुक्याच्या थरावरून खरोखरच एक विमान येते. ते दुसऱ्या महायुद्धातील दोन इंजिनांचे मॉस्किटो असते आणि त्याच्या नाकाडावर ‘जे के’ ही दोन अक्षरे असतात. त्याच्यामागे उतरल्यावर वैमानिक एका मोडीत काढलेल्या, मिंटन नावाच्या काल्पनिक हवाई तळावर पोहोचतो. तिथे जुन्या खोलीतील एक छायाचित्र पाहून त्याला आपल्या तारणहाराचे नाव कळते, आणि म्हाताऱ्या नोकराकडून हेही कळते, की जॉनी कॅव्हनॉ हा वैमानिक १४ वर्षांपूर्वी, याच रात्री, जखमी विमानांना वाट दाखवायला गेला होता आणि परतला नव्हता.

या कथेतील भूत पटते, कारण त्याच्या सभोवतीचे सारे खरे आहे. युद्धकाळात पूर्व इंग्लंडचा सपाट प्रदेश विमानतळांनी भरून गेला होता आणि युद्ध संपताच त्यातील बरेच ओस पडले. धुक्यात उतरता यावे म्हणून काही तळांवर धावपट्टीच्या दोन्ही कडांना नळ टाकून त्यांतून पेट्रोल जाळीत असत. त्या उष्णतेने धुके विरळ होई. मॉस्किटो आणि व्हॅम्पायर ही दोन्ही विमाने डी हॅविलंड याच कंपनीची. मॉस्किटो जवळजवळ संपूर्ण लाकडी होते, आणि व्हॅम्पायरचा वैमानिक बसतो तो पुढचा भागही प्लायवूड व बाल्सा लाकडाचे थर साच्यात चिकटवूनच घडवलेला असे. जुने विमान नव्याला हात देते, तेव्हा ती एकाच घराण्यातली दोन भावंडे असतात. आपल्याकडेही ही दोन्ही नावे परकी नाहीत. १९४८ मध्ये भारतीय हवाई दलात आलेले पहिले जेट विमान व्हॅम्पायरच होते आणि पुढे परवान्यावर ते बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये बनले. तर महायुद्धात भारतात आणलेल्या मॉस्किटोंचे लाकडी सांधे इथल्या दमट उष्ण हवेत सुटू लागल्याने १९४४ मध्ये ती विमाने काही काळ जमिनीवर ठेवावी लागली होती.

छापील कथेला दीर्घायुष्य दिले ते मात्र कॅनडाच्या सार्वजनिक रेडिओने. सीबीसीच्या ‘ॲज इट हॅपन्स’ या सायंकाळच्या वार्ताकार्यक्रमात निवेदक ॲलन मेटलंड यांनी १९७९ मध्ये ‘द शेफर्ड’चे अभिवाचन केले. सुमारे अर्ध्या तासात बसेल असा त्याचा संक्षेप केलेला होता. त्यानंतर दरवर्षी नाताळच्या सुमारास तेच ध्वनिमुद्रण लावण्याची प्रथा पडली. मेटलंड १९९९ मध्ये वारले, तरी प्रथा थांबली नाही. मृत वैमानिकाची गोष्ट तेव्हापासून मृत निवेदकाच्या आवाजात ऐकू येते, आणि श्रोत्यांना त्यात काही वावगे वाटत नाही.

पात्रांना वेगवेगळे आवाज देणारे नभोनाट्य न करता एकाच आवाजाचे अभिवाचन निवडले, यात मला कथेची नेमकी जाण दिसते. कथेतला रेडिओ सुरुवातीलाच बंद पडतो; त्यामुळे मुख्य भागात संवाद नाहीतच. दोन वैमानिक एकमेकांशी फक्त हाताच्या खुणांनी बोलतात. अशा ठिकाणी नटसंच घेऊन काय करणार? प्रथमपुरुषी निवेदन असल्याने ऐकणारा आपोआप त्या बंद कॉकपिटमध्ये जाऊन बसतो, आणि आवाजांच्या माध्यमातून आवाज गेल्याची भीती त्याच्यापर्यंत पोहोचते.

पडद्यावर हीच गोष्ट अडचणीची ठरते. मॉस्किटोचा वैमानिक पुस्तकात गॉगलच्या दोन वर्तुळांपलीकडे फारसा दिसत नाही. चित्रपटात त्याला चेहरा द्यावाच लागतो. अभिनेते जॉन ट्रॅव्होल्टा स्वतः परवानाधारक वैमानिक आहेत आणि या कथेवर चित्रपट करण्याची इच्छा त्यांनी अनेक वर्षे बाळगली होती. १९९२ मध्ये वॉशिंग्टनजवळ त्यांच्या स्वतःच्या जेट विमानाची वीजयंत्रणा हवेत असताना बंद पडली होती, आणि कथेतील प्रसंग म्हणजे काय हे आपण अनुभवल्याचे त्यांनी पुढे सांगितले. अखेर इयान सॉफ्टली यांनी पटकथा व दिग्दर्शन केले, अल्फोन्सो क्वारोन निर्मात्यांमध्ये होते, तरुण वैमानिकाची भूमिका बेन रॅडक्लिफ यांनी केली आणि ट्रॅव्होल्टा वाटाड्या झाले. पुस्तकात निनावी असलेल्या नायकाला इथे फ्रेडी हे नाव मिळाले. फोर्सिथ यांच्या पहिल्या नावाची ती आठवण असावी. चाळीस मिनिटांहून किंचित कमी लांबीचा हा लघुपट ऑस्करच्या प्राथमिक यादीपर्यंत गेला, नामांकन मात्र त्याला मिळाले नाही. एवढा ओळखीचा चेहरा मॉस्किटोत दिसल्यावर ‘हा कोण’ हे कुतूहल थोडे पातळ होते, हे नाकारता येत नाही. पण धुक्याच्या पांढऱ्या पठारावरून चंद्रप्रकाशात दोन विमाने जोडीने जातात, ते दृश्य अभिवाचनाला दाखवता आले नसते.

डिसेंबर २०२३ मध्ये डिस्ने प्लसवर हा लघुपट घरोघरी पोहोचला. सीबीसीने मात्र त्या नाताळातही मेटलंड यांचेच जुने ध्वनिमुद्रण लावले.